पोफळीचे पाणी आणि टॅब्लेटचा बाजार

चिपळूणहून कराडकडे निघाले की कुंभार्ली घाट चढण्याआधी पोफळी गाव लागते. घाटमाथ्यापलीकडे कोयनेचा शिवसागर जलाशय आहे आणि पोफळीला डोंगराच्या पोटात वीजगृह आहे. जलाशयाचे पाणी बोगद्यातून येते, साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवरून खाली झेपावते आणि पेल्टन चक्रांच्या वाट्यांवर आदळून ती फिरवते. १९६२ पासून येथून वीज बाहेर पडते आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. दिसतात ते फक्त तारांचे मनोरे.

विद्यार्थी मित्रांनो, त्या तारांकडे पाहून एक साधा प्रश्न मनात आणा. तुमच्या वर्गातला पंखा ज्या कारखान्यात तयार झाला, त्या कारखानदाराने पोफळीच्या अभियंत्यांना कधी विचारले असेल काय की, "तुमच्या विजेवर माझा पंखा चालेल ना?" अर्थातच नाही. घरातली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची असणार हे त्याला ठाऊक होते, आणि वीजगृहालाही ठाऊक होते. एकदा हे ठरले की पंखेवाला, मिक्सरवाला, दिवेवाला आपापले काम स्वतंत्रपणे करू शकतात. अमेरिकेत मात्र १२० व्होल्ट आणि ६० आवर्तने आहेत. तिथला मिक्सर कोणी चिपळूणला आणून सरळ भिंतीतल्या खाचेत खोचला, तर तो बहुधा जळेल. मिक्सर वाईट नसतो, वीजही वाईट नसते. दोघांची भाषा जुळत नाही, एवढेच.

ज्याच्या आधारावर इतरांनी बनवलेल्या वस्तू चालतात, अशा सामाईक पायाला संगणकाच्या जगात प्लॅटफॉर्म म्हणतात. टॅब्लेटच्या बाबतीत हा पाया म्हणजे त्याची कार्यप्रणाली. ॲपलच्या आयपॅडची एक, गुगलने विकसित केलेली अँड्रॉइड ही दुसरी, मायक्रोसॉफ्टची विंडोज ही तिसरी. ॲप म्हणजे त्यावर चालणारा पंखा किंवा मिक्सर. "इथे रेघ काढ", "कॅमेऱ्यातले चित्र दे", "आवाज वाढव" अशा विनंत्या ॲप कार्यप्रणालीला करत असते. प्रत्येक प्रणालीत या विनंत्या करण्याची रीत निराळी असते. त्यामुळे आयपॅडसाठी लिहिलेले ॲप अँड्रॉइडवर जसेच्या तसे चालत नाही. ते पुन्हा लिहावे लागते, निदान बऱ्याच अंशी.

आता समजा, पोफळीच्या परिसरातील एका शाळेला टॅब्लेटसाठी एक लाख रुपयांची देणगी मिळाली. कोणते घ्यावेत? एक शिक्षक म्हणतात, "सगळ्यांत जास्त खपतात ते घ्या." दुसरे म्हणतात, "ज्यावर उत्तम ॲप्स आहेत ते घ्या." दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे आहे. पण 'जास्त खपतात' म्हणजे किती, आणि 'उत्तम' कशावरून, हे मोजायला बसलो की गंमत सुरू होते.

खपाचा वाटा

आधी खपाचे पाहू. गार्टनर या बाजार-अभ्यास करणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २०१२ मध्ये जगभर सुमारे ११ कोटी ६३ लाख टॅब्लेट विकले गेले. त्यांत आयपॅडचा वाटा ५२.८ टक्के आणि अँड्रॉइडचा ४५.८ टक्के होता. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१३ मध्ये, अँड्रॉइड ६१.९ टक्क्यांवर गेले आणि आयपॅड ३६ टक्क्यांवर आला. मायक्रोसॉफ्ट दोन टक्क्यांच्या आसपास होते.

हे वाचून काय वाटते? आयपॅडचा खप घसरला असेच ना? वहीवर हिशेब करून पाहा. ११ कोटी ६३ लाखांचे ५२.८ टक्के म्हणजे सुमारे ६ कोटी १४ लाख. २०१३ चा एकूण खप होता सुमारे १९ कोटी ५४ लाख. त्याचे ३६ टक्के म्हणजे ७ कोटींहून अधिक. म्हणजे आयपॅड आधीच्या वर्षापेक्षा जास्त विकले गेले! भाकरी मोठी झाली, त्यामुळे चतकोर घासही पूर्वीच्या अर्ध्याएवढा भरू लागला. टक्केवारी वाचताना ती कशाची टक्केवारी आहे हे विचारायचे असते, आणि नेमके तेच आपण विसरतो.

दुसरा फसवा भाग याहून खोल आहे, आणि तो समजायला पोफळीसारखे ठिकाण नाही. कोयनेच्या पाण्याचे तीन निरनिराळे आकडे असतात. या पावसाळ्यात जलाशयात किती पाणी आले, हा पहिला. आज जलाशयात किती साठा आहे, हा दुसरा. पोफळीच्या चक्रांवर प्रत्यक्ष किती पाणी पोहोचले, हा तिसरा. जलाशयाची क्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट आहे, पण कृष्णा पाणी तंट्यातील बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मिती करण्यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. साठा किती हे सांगून वीज किती हे सांगता येत नाही.

टॅब्लेटचेही तसेच आहे. वर्षभरातली विक्री म्हणजे आवक. लोकांच्या हातात चालू स्थितीत असलेले टॅब्लेट म्हणजे साठा. आणि त्यांचा प्रत्यक्ष वापर म्हणजे चक्रावर पडणारे पाणी. वर्तमानपत्रात येतो तो बहुधा पहिला आकडा, कारण तो मोजायला सर्वांत सोपा.

एक उदाहरण घ्या. एका तालुक्यात क आणि ख अशा दोन जातींचे टॅब्लेट दर वर्षी शंभर-शंभर विकले जातात. म्हणजे खपाचा वाटा समसमान. पण क सहा वर्षे टिकतो आणि ख दोनच वर्षांत बंद पडतो. काही वर्षांनी लोकांच्या हाती क जातीचे सहाशे असतील आणि ख जातीचे दोनशे. विक्रीत ५०-५०, हातात ७५-२५! ॲप बनवणाऱ्याला कोणता आकडा महत्त्वाचा? उघडच आहे, दुसरा. किंबहुना तिसरा, कारण कपाटात धूळ खात पडलेल्या टॅब्लेटवर कोणीच ॲप उघडत नाही.

आणखी एक गोंधळ टाळायला हवा. कंपनीचा वाटा वेगळा, प्लॅटफॉर्मचा वेगळा. एकेक कंपनी घेतली तर ॲपल पहिली येते. अँड्रॉइडवर मात्र सॅमसंग, लेनोवो आणि इतर अनेक कंपन्या टॅब्लेट बनवतात, आणि या सर्वांची बेरीज ॲपलपेक्षा मोठी भरते. दोन्ही विधाने खरी आहेत. जाहिरातवाला आपल्या सोयीचे उचलतो.

चाळीस-नऊ दिवसांची गोष्ट

खप वाढला की ॲप बनवणारे येतात, ॲप्स वाढली की गिऱ्हाईक येते आणि खप आणखी वाढतो. हे चक्र उलटेही फिरते. एचपी या बड्या कंपनीने १ जुलै २०११ रोजी अमेरिकेत टचपॅड नावाचा टॅब्लेट बाजारात आणला. त्याची वेबओएस ही प्रणाली जाणकारांनी वाखाणली होती. पण त्यावर ॲप्स थोडी होती. ॲप्स नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून ॲप्स नाहीत. १८ ऑगस्टला कंपनीने तो बंद केल्याचे जाहीर केले. जेमतेम ४९ दिवस झाले होते. मग उरलेला माल ४९९ डॉलरांऐवजी ९९ डॉलरांना काढताच लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. म्हणजे प्लॅटफॉर्मचा खप उसळला तो त्याच्या मृत्यूनंतर! त्या आठवड्याचा तक्ता पाहून कोणी ॲप लिहायला बसले असते, तर काय झाले असते?

मायक्रोसॉफ्टची कथा निराळी. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी विंडोज आरटी हा अवतार आणला. दिसायला तो विंडोजच, पण आतला प्रक्रियक वेगळ्या जातीचा होता, आणि प्रत्येक जातीच्या प्रक्रियकाचा आज्ञासंच निराळा असतो. त्यामुळे विंडोजचे नेहमीचे जुने कार्यक्रम त्यावर चालतच नसत. नाव सारखे, खाच सारखी, पण आत वेगळ्या व्होल्टची वीज. लोक गोंधळले आणि २०१३ मध्ये कंपनीला न विकलेल्या मालापोटी सुमारे ९० कोटी डॉलर तोट्यात दाखवावे लागले.

पण अँड्रॉइडचे काय? २०११ च्या मार्चमध्ये आयपॅड २ सादर करताना ॲपलने आपल्याकडे आयपॅडसाठी खास लिहिलेली ६५,००० ॲप्स असल्याचे सांगितले, आणि टॅब्लेटसाठी आलेल्या अँड्रॉइड ३.० वर मात्र अवघी १००. मोजणारा प्रतिस्पर्धीच होता हे ध्यानात घेऊनही अंतर मोठे होते. तरी दोनच वर्षांत अँड्रॉइड खपात पुढे गेले. कारण फोनसाठी लिहिलेली ॲप्स त्यावर ताणून का होईना चालत, आणि स्वस्त टॅब्लेटांची रांग लागली.

'ताणून' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. चार इंची फोनचा पडदा आणि तशाच आकाराचा दहा इंची टॅब्लेट घ्या. कर्ण अडीचपट झाला, तर क्षेत्रफळ किती पट? अडीचचा वर्ग, म्हणजे सव्वासहा पट. फोनसाठी आखलेले पान या सव्वासहापट जागेत पसरले की बटणे ताटाएवढी होतात, ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते आणि मधली जागा ओसाड राहते. टॅब्लेटसाठी नीट विचार करून लिहिलेले ॲप त्याच जागेत डावीकडे प्रश्न आणि उजवीकडे आकृती दाखवते. ॲपची प्रत मोजायची तर ती इथे मोजावी, ॲप्सच्या संख्येत नव्हे. एकाच कामाची शंभर ॲप्स असली तरी विद्यार्थ्याला लागते ते एकच.

तारांकित मतांवरही फार विसंबू नये. मत द्यायला येतो तो बहुधा खूष झालेला किंवा चिडलेला. ज्याचे काम मुकाट्याने झाले तो तारे देत बसत नाही.

'आकाश' : पवईचा प्रयोग

आता आपल्याकडच्या एका प्रयोगाकडे वळू. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने 'आकाश' हा टॅब्लेट दिल्लीत सादर केला. विद्यार्थ्यांना परवडेल असा टॅब्लेट द्यायचा, ही कल्पना. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता. त्या काळी आयपॅडची किंमत याच्या दहापटीहून अधिक होती. आकाशचा पडदा सात इंची, प्रक्रियक ३६६ मेगाहर्ट्झचा आणि प्रणाली अँड्रॉइड २.२. पडदा दाब ओळखणारा होता, म्हणजे बोट अलगद टेकवून चालत नसे, दाबावे लागे.

पण त्याची खरी अडचण आकड्यांत दिसत नव्हती. पहिल्या आकाशवर गुगलचे ॲप्सचे दुकान नव्हते. गेटजार नावाचे दुसरे, लहान दुकान होते. म्हणजे बाजाराच्या हिशेबात आकाश अँड्रॉइडच्या रकान्यात धरला जाणार, पण अँड्रॉइडच्या उत्तम ॲप्सचा मोठा भाग त्याला सरळ मिळणार नाही. प्लॅटफॉर्मचा वाटा वाढला, विद्यार्थ्याच्या हाती मात्र त्या वाट्याचा लाभ आला नाही. एका रकान्यात घातलेल्या सर्व वस्तू सारख्या नसतात, हे यावरून दिसते. गावात वीज आली म्हणणे वेगळे आणि पंखा फिरण्याइतका दाब येणे वेगळे.

पुढचा आकाश घडवण्याचे काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आले. संगणकशास्त्राचे प्राध्यापक दीपक फाटक हे त्याचे प्रमुख होते. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ सादर झाला. आता प्रक्रियक १ गिगाहर्ट्झचा होता, स्मृती दुप्पट, प्रणाली अँड्रॉइड ४.०, पडदा हलक्या स्पर्शाचा, आणि विद्यार्थ्यांसाठी किंमत १,१३० रुपये. पण माझ्या मते मोलाची गोष्ट वेगळीच होती. पवईच्या चमूने ॲप्सचा प्रश्न सोडवण्यासाठी ॲप्सच बनवायला घेतली. सी, पायथन या भाषांत कार्यक्रम लिहिता यावेत, सायलॅब वापरून गणिते सोडवता यावीत, वर्गात शिक्षकाने विचारलेल्या प्रश्नाला प्रत्येकाने टॅब्लेटवरून उत्तर द्यावे आणि निकाल लगेच दिसावा, अशी ॲप्स तयार झाली. देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण दिले गेले.

पुढच्या काही वर्षांत ही योजना मागे पडली. ठरवलेला एक लाखांचा टप्पा गाठायलाच वेळ लागला, आणि तोवर बाजारात खासगी कंपन्यांचे स्वस्त टॅब्लेट आणि मोठ्या पडद्याचे फोन येऊन ठेपले. मी तरी या प्रयोगाला फसलेला म्हणणार नाही. ज्या ॲपला बाजारात गिऱ्हाईक नाही पण वर्गात गरज आहे, ते कोणी लिहायचे, हा प्रश्न त्याने ऐरणीवर आणला.

मराठीचे गणित

हा प्रश्न मराठी शाळेला सर्वांत जास्त लागू पडतो. समजा, एका शिक्षिकेने सातवीच्या भूमितीचे मराठी ॲप लिहायचे ठरवले. गुगलच्या दुकानात ॲप ठेवायचे तर एकदाच २५ डॉलर नोंदणीशुल्क भरावे लागते. ॲपलच्या दुकानात दर वर्षी ९९ डॉलर. भारतात दहांतल्या नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात, आणि फोनवरचे ॲप अँड्रॉइड टॅब्लेटवरही चालते. तेव्हा त्या बाई कोणत्या बाजूला जातील हे सांगायला नको. जगभरच्या टॅब्लेट-खपाचा तक्ता त्यांच्या काही कामाचा नाही. त्यांच्या दृष्टीने बाजार म्हणजे चिपळूण, कराड, लातूर आणि नंदुरबार.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रवेश सोपा म्हणून अँड्रॉइडच्या दुकानात कच्ची ॲप्सही पुष्कळ येतात. ॲपलकडे प्रत्येक ॲप तपासणीतून जाते आणि यंत्रांचे प्रकारही मोजकेच असतात, त्यामुळे चित्रकला, संगीत, चित्रफीत-संपादन यांची ॲप्स आयपॅडवर बहुधा अधिक सफाईदार आढळतात. शिवाय आयपॅडला नव्या आवृत्त्या बरीच वर्षे मिळत राहतात. स्वस्त अँड्रॉइड टॅब्लेटला त्या लवकर बंद होतात, आणि मग एक दिवस आपले आवडते ॲप "ही आवृत्ती जुनी आहे" असे सांगून उघडेनासे होते. यंत्र धडधाकट असते, पण त्याखालचा पाया पुढे निघून गेलेला असतो.

मराठीची परीक्षा तर प्रत्येक टॅब्लेटची घ्यावीच. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत जोडाक्षरे फुटून दिसत आणि ऱ्हस्व इकार भलत्या अक्षरापुढे जाऊन बसे. आज ती स्थिती नाही, पण एखाद्या ॲपने स्वतःचा तोकडा टाइप वापरला असेल तर अजूनही घोटाळा होतो. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द लिहून पाहा. पहिल्यात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. ॲपला हा फरक दाखवता येत नसेल, तर मराठीच्या बाबतीत ते नापास!

शाळेने ठरवायचे कसे ?

आपल्या एक लाख रुपयांकडे परत येऊ. समजा आयपॅड ३५,००० ला आणि साधा अँड्रॉइड टॅब्लेट १०,००० ला मिळतो. लाखात आयपॅड दोनच येतील आणि दुसरे दहा. वर्गात ४० मुले आणि तास ४० मिनिटांचा. दोन टॅब्लेट असतील तर एकेकामागे वीस मुले, म्हणजे प्रत्येकाला दोन मिनिटे. दहा असतील तर प्रत्येकाला दहा मिनिटे. दोन मिनिटांत कितीही उत्कृष्ट ॲप असले तरी मूल काय शिकणार? अर्थात स्वस्त टॅब्लेट सुरू व्हायलाच दोन मिनिटे घेत असेल, तर त्या दहातली दोन वजा करा.

आता वर्गात हा प्रयोग करा. चार निकष फळ्यावर लिहा: ॲपची सफाई, अभ्यासक्रमाची मराठी ॲप्स, नव्या आवृत्त्या मिळण्याची वर्षे, आणि किंमत व दुरुस्तीची सोय. प्रत्येक निकषाला किती महत्त्व द्यायचे त्याचे भार आधी ठरवा. सर्व भारांची बेरीज १० असावी. टॅब्लेट हातात घेण्यापूर्वी भार लिहून कागदाची घडी शिक्षकांकडे द्या. नाहीतर आवडलेल्या टॅब्लेटला जिंकवण्यासाठी मागाहून भार बदलण्याचा मोह होतो. मोठ्या माणसांनाही होतो.

मग दहापैकी गुण द्या. समजा क ला त्याच क्रमाने ९, ५, ९, ३ मिळाले आणि ख ला ६, ८, ५, ९. चित्रकला व संगीताच्या वर्गाने भार ठेवले ५, १, ३, १. गुणाकार करून बेरीज केली तर क ला ८० आणि ख ला ६२. पोफळीच्या आपल्या शाळेने भार ठेवले १, ४, २, ३. तर क ला ५६ आणि ख ला ७५. गुण तेच, टॅब्लेट तेच, निकाल उलटा!

मराठी ॲप्सचे गुण देताना टॅब्लेटचे इंटरनेट बंद करून पाहायला विसरू नका. घाटाखालच्या गावांत पावसाळ्यात रेंज जाते, आणि बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोडवरून उघडणारा पाठ आधी उतरवून घेतला नसेल तर तो उघडत नाही. एक घड्याळ घ्या, ॲप उघडायला लागणारे सेकंद तीनदा मोजा आणि सरासरी काढा. बॅटरी पूर्ण भरून एकच पाठ सलग चालवा आणि दर अर्ध्या तासाने उरलेली टक्केवारी लिहा. आलेख काढल्यावर रेषा सरळ येते की शेवटी एकदम कोसळते, हे वर्गातल्या निरनिराळ्या टॅब्लेटांसाठी ताडून पाहा.